कृष्णातच्या नावाचा दगड

ज्ञानू गाडीवान माझ्या चुलत्याचा शेजारी. त्यानं ही गोष्ट एकट्या चुलत्याला सांगितली, तीबी पार म्हातारपणी. हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या.

सेहेचाळीस साल. लढाई संपली व्हती. कार्तिक अवसेची आदली रात्र. लालासाहेबानं ज्ञानूला कराडास्नं दगड आणायला धाडलं. लालासाहेब म्हंजे गावचा मोठा बागाईतदार. गावची तीन पोरं लढाईच्या बोटीवर गेलेली, बोट खाऱ्या दर्यात बुडाली, त्यांच्या नावाचा दगड. त्यात एक नाव लालासाहेबाच्या लेकाचं, कृष्णातचं.

पाथरवटानं दगडावर पोतं टाकून दोरीनं आवळून दिला. ज्ञानूनं दिवस बुडता बुडता गाडी जुंपली. रस्ता पायाखालचा. गुऱ्हाळं चालू व्हती, गुळाचा वास सुटलेला. गडी तंबाखू मळत निवांत चालला व्हता.

वढ्याच्या उताराला बैलं थांबली. उताराला, बरं का! आन् गाडी मागं उलाळली. मागनं कुणीतरी चढून बसावं तशी.

"कोण हाय?"

"मी हाय रं, ज्ञानू."

आवाज आकारामचा.

आकाराम म्हंजे राहीबाईचा एकुलता लेक. नवऱ्यामागं तिनं मोलमजुरी करून वाढिवलेला. ज्ञानूचा जिवाभावाचा दोस्त. गावाला वाटायचं, त्यो मुंबईला पळाला. लालासाहेबानंच राहीबाईला सांगितलेलं, "तुझं पोरगं तुला इसरलं, बाई."

खरं काय ते ज्ञानूला ठावं व्हतं. लालासाहेबानं गोऱ्या सायबाला शब्द दिला व्हता, लढाईला माझा सोताचा लेक देतो. आयत्या वक्ताला काळीज कचरलं. कृष्णातला कवठे महांकाळला मामाकडं दडिवला, आन् आकारामला म्हणला, "तू त्याच्या नावानं जा. तुझ्या आईला मी माझ्या आईगत बघतो." ज्ञानूनंच त्याला कराडच्या ठेसनात सोडला. आगगाडीत चढताना आकाराम म्हणला व्हता, "मला काय झालं तर आईला खरं सांग, गड्या."

बोट बुडाली. तार आली, कृष्णातच्या नावानं. लालासाहेबानं जित्या लेकाचं दिवस घातलं. ज्ञानू त्याचंच रान कसायचा. त्यो गप बसला. चार वर्सं गप बसला.

"माझं नाव कुठं कोरलंय रं?"

ज्ञानूनं कासरा आवळून धरला.

"लालासाहेबानं फशिवलं. ते कळलं मला…"

वारं न्हाई. तरी पोतं फडफडलं.

"पर तू…?"

ज्ञानूनं मागं बघितलं न्हाई. बघवंना.

"तूबी, ज्ञानू…?"

मग काय न्हाई. नुसता अंधार… बैलं आपसूक चालायला लागली. लालासाहेबाच्या घराकडं वळलीच न्हाईत. राहीबाईच्या खोपटाम्होरं जाऊन थांबली.

ज्ञानू रडतच उतरला. म्हातारीला उठिवलं. सगळं सांगून टाकलं. तिच्या डोळ्यात टिपूस न्हाई. तिनं येकच इचारलं, "तुला कवापासनं ठावं?"

"पयल्यापासनं, मावशी."

तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिशी दगड चावडीम्होरं उतरला, गाव गोळा झालं. हार आलं, बाजा आला. लालासाहेब दगडाला हात लावणार, तवर राहीबाई गर्दीतनं म्होरं आली.

"लालासाहेब, तुमचं लेकरू कवठ्यात जेवतंय. माझं कुठं जेवतंय?"

बाजा थांबला. लालासाहेबाची मान वर झाली न्हाई. दगड कुणी उभा केला न्हाई. तसाच पडून ऱ्हायला.

तुमी म्हणाल ज्ञानूला भास झाला. म्हणा. पर येक गोष्ट अजून कुणाला उलगडली न्हाई. त्या दिसापासनं राहीबाईच्या घरातलं पाणी खारं झालं. कृष्णेचंच पाणी, चार बायकांसंगं येकाच घाटावरनं आणलेलं. बाकीच्यांचं गोड. तिच्या रांजणात पडलं की खारं. रांजण बदलून बघितला, तरी खारं.

मी सोता चाखलंय. तोंडात धरवंना. म्हणलं, "आज्जी, हे पिऊ नगंस."

ती म्हणली, "आसू दे रं." आन् तांब्या तोंडाला लावून समदं प्याली.