कबूतरबाजाची साक्ष

औषधाच्या दुकानाची काच फोडून दगड आत आला आणि गुप्तहेर रुदैनाचा मदतनीस शुकरी याच्या हातातला चहा त्याच्याच शर्टावर सांडला.

"तिसरा," दुकानदारीण लमीस म्हणाली. "नाइफ म्हणतो, मी त्याच्या भावाला बनावट गोळ्या विकल्या. परवा अय्हमचा पाय कापणार आहेत. मग दगडावर भागायचं नाही."

नाइफने लमीसच्या अंगावर भिरकावलेला तपासणीचा कागद रुदैना वाचत होती. अय्हमच्या गुडघ्याच्या हाडातले जंतू लाल गोळीला आता दाद देत नव्हते. पांढरीने मात्र अजूनही मरत होते.

"दोन्ही एकत्रच घ्यायच्या," लमीस म्हणाली. "लाल एकटी पडली की जंतू तिला पचवायला शिकतात. पांढरी मात्र चघळू नका म्हटलं होतं. जहर कडू!"

टेकडीवरच्या घराच्या दारात नाइफ आडवा उभा होता. बाहीवर पिसं चिकटलेली.

"आले चोरटीचे वकील!"

"कबूतरबाज," शुकरी पुटपुटला. "असल्या खोटारड्यांची साक्ष काझीसुद्धा घेत नाही, बाई."

आत अय्हम पडून होता. त्याच्या पांढऱ्या उशीवर केशरी डाग होते, मावळतीचे तुकडे गळून पडावेत तसे.

"लाल गोळीनं रडणंही रंगीत झालंय," तो म्हणाला.

"गोळ्या देतं कोण?" रुदैनाने विचारले.

"भाऊ. पाकिटातून सोलून हातावर ठेवतो. लाल गिळतो, पांढरी चघळतो. दिवसभरात तेवढंच गोड, पुदिन्याचं."

खिडकीबाहेर कबुतरांचा थवा वळला.

"ती काळी मादी सुरेख उडते," रुदैना म्हणाली.

नाइफचा आवाज प्रथमच मऊ झाला. "पंखाचा सांधा सुजून लोंबत होता तिचा. शेजारी म्हणाले, मान मुरगाळ. मी वाचवली."

"कशानं?"

तो बाहीवरची पिसं झटकू लागला.

"म्हणजे गोळ्या बनावटच ना, बाई?" शुकरीने विचारले.

"बनावट असत्या, तर उशी रंगली नसती. लाल गोळी पोटात गेली, म्हणूनच जंतू तिच्याशी झुंजायला शिकले. पांढरीशी त्यांची गाठच पडली नाही. कडू गोळी गोड कशी होईल? खरी गच्चीवर कबुतरांच्या पाण्याच्या भांड्यात विरघळली. भावाला मिळाली पित्तावरची पुदिन्याची गोळी, आणि दगड मिळाले लमीसला."

"लाल पुरेल वाटलं!" नाइफ ओरडला. "अश्रू रंगवते, एवढी जालीम..."

"पांढरी अजून चालते," रुदैना अय्हमला म्हणाली. "नव्या जोडीदार गोळीसह देऊन पाय वाचेल का, ते डॉक्टरांना आत्ताच विचारते."

"वाचला, तर सर्वांत आधी गच्चीचा जिना चढेन," भावाकडे न पाहता अय्हम म्हणाला. "तुझी खुराडी मोडायला."

नाइफने रुमाल पुढे केला. अय्हमने तोंड भिंतीकडे फिरवले, आणि उशीवर आणखी एक केशरी डाग हळूहळू पसरत गेला.