मुदतवाढ

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस, आणि माझ्या आधारचा ओटीपी गेला आबांच्या मोबाईलवर! आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या गावी राहूला, कांद्याच्या रानात. तिथं रेंज कुठली?

“हर्षदा, मोबाईल इथं आण, पुन्हा ओटीपी पाठवू,” केडगावच्या ई-सेवा केंद्रातल्या प्रगतीताई म्हणाल्या.

मी दारात आले. बाहेर भुरभुर पाऊस. नर्सिंगला नंबर लागला होता. पण शिष्यवृत्तीशिवाय पुण्याला जाणं जमणार नव्हतं. डोळे भरून आले…

“चला, जाऊन येऊ राहूला.”

रांगेत माझ्यामागं उभा असलेला मुलगा गाडीची किल्ली घेऊन पुढं आला होता.

“आन् तुमचा नंबर?”

“लागंल पुन्हा. खुटबावचा गोकुळ मी. घाबरू नका, हळू चालवतो.”

“मी कुठं घाबरले?”

“मग पिशवी एवढी आवळून का धरलीय?”

मी हसू दाबलं.

आबा काही मोबाईल एकटा सोडायला तयार होईनात. येताना आमच्या दोघांच्या मधे आबा! “कुणाचा रं तू?” पासून सुरुवात झाली, ती केडगाव येईपर्यंत थांबली नाही. आरशात गोकुळचे डोळे मिस्कील हसत होते… माझ्याकडे बघून.

माझा अर्ज भरून झाला. गोकुळ खुर्चीवर बसला आणि सर्व्हर बंद पडला. संध्याकाळपर्यंत बंदच. बारामतीला इंजिनिअरिंगचं त्याचं पहिलं वर्ष, त्यालाही शिष्यवृत्तीचाच अर्ज भरायचा होता.

“जाऊ द्या,” म्हणाला. पण नजर कॉम्प्युटरवरून हलत नव्हती. माझ्यामुळंच ना हे सगळं?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी वेबसाईट उघडत होते. दुपारी सूचना दिसली. त्याचा नंबर आबांनीच घेऊन ठेवला होता, लावला.

“गोकुळ, मुदत वाढली! लगेच निघा…”

मी मोबाईल कानाला आणखी घट्ट लावला.

“ऐकताय ना?”

“ऐकतोय… पुन्हा म्हणा की.”

“मुदत वाढली!”

“ते न्हाई. माझं नाव.”

माझे कान तापले.

मी केंद्रावर पोहोचले तेव्हा तो अर्ज भरून पायऱ्या उतरत होता. गाडीवर बसला, पण निघेना.

“झालं काम,” म्हणाला. “आता राहूला यायला काय कारण राहिलं न्हाई…”

“कारण कशाला लागतंय?”

“आबा इचारतील की. काय सांगू?”

“आबांचं मी बघते,” मी म्हणाले. “तू ये.”

तू! माझी मलाच लाज वाटली. त्यानं किल्ली फिरवली, पण किक मारायचं काही त्याला सुचेना.