दारातला पंखा

त्या सकाळी मला आमच्याच कारखान्यात शिरता येईना. दाराच्या चौकटीत जाड कापड ताणून बसवलं होतं, कापडात भला मोठा पंखा होता आणि एक उंच तरुण त्याचे पट्टे आवळत होता. मी कोण ते सांगितलं, तेव्हा त्याने कापडाची खालची कड उचलून धरली. पहिल्याच भेटीत मी त्याच्यासमोर रांगत आत गेले, हे आत्या अजून सगळ्यांना सांगते.

कारखाना आत्याचा, शिवणकामाचा. आई-बाबांमागे तिने मला याच्यावरच वाढवलं. आता सरकारने नवा कायदा केला होता... इमारतीतली ऊब फटींतून वाया घालवायची नाही, वीज आणि गॅस वाचवायचा. तपासणीत दोनदा नापास झालं की कारखान्याला टाळं. आत्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्हणून आदल्या संध्याकाळी मी उशांचा उरलेला कापूस दिसेल त्या भोकात कोंबला होता आणि स्वतःवर फार खूश होते.

पंखा घरघरू लागला. तो आतली हवा बाहेर ओढणार, म्हणजे जिथे फट असेल तिथून बाहेरचा गार वारा आत घुसणार. तो पकडायला त्या उंच तरुणाच्या, म्हणजे तपासनिसाच्या, हातात धुराची कांडी होती. खिडकीपाशी धूर सरळ वर चालला होता... आणि मध्येच थरथरला.

"तुमच्या श्वासाने हलतोय," तो म्हणाला. "जरा लांब उभ्या राहता का?"

"मी श्वास रोखून उभी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "मग... माझा हात असेल." त्याचे कान लाल झाले.

मागच्या खोलीत, इस्त्र्यांना वाफ पुरवणाऱ्या बॉयलरपाशी मात्र धूर हललाच नाही. मी कौतुकाची वाट पाहत होते. त्याने भिंतीतल्या जाळीत बोटं घातली आणि मूठभर कापूस बाहेर काढला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"ही जाळी बुजवायची नसते. गॅस जळायला हवा लागते. बॉयलर पेटवला असतात, तर खोलीत विषारी हवा कोंडली असती. वाससुद्धा आला नसता, आणि तुम्ही..." त्याला पुढे बोलवेना.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. सगळाच कापूस निघाला, फटी उघड्या पडल्या आणि त्याने आम्हाला नापास केलं. मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याचा तो अडखळलेला आवाजच आठवत राहिला.

त्यानंतर तो वरचेवर येऊ लागला. सल्ला देणं कायद्यात बसतं, म्हणे. खिडकीला रबरी पट्टी लावताना एक टोक तो धरायचा, दुसरं मी, आणि चिकटवत चिकटवत आलो की मध्ये बोटं टेकायची. सल्ला रोज द्यावा असं कायद्यात कुठे लिहिलंय, एवढंच आत्याने एकदा विचारलं.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी तो आला तो हेच सांगायला, की उद्या त्याच्याऐवजी त्याच्या मॅडम येतील. त्या मॅडमनी भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं.

"ऐन वेळी हात झटकताय?"

"नातलगांच्या इमारतीची तपासणी करायची नाही, असा नियम आहे."

"आपलं कुठे काय नातं आहे?"

"नाही... म्हणजे, अजून नाही." तो पट्टीवरून उगाच बोट फिरवत राहिला. "माझ्या बाजूने तर झालंच आहे. तुम्ही नाही म्हणालात, तर उद्या मीच येईन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही."

तो येणार म्हटल्यावर आत्याचा जीव भांड्यात पडला असता. मी तिच्याकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवण्याचं सोंग करत होती. मग मी खिडक्यांकडे पाहिलं. आम्ही दोघांनी लावलेल्या एकेका पट्टीवर माझा भरवसा होता.

"मॅडमनाच पाठवा," मी म्हणाले.

मॅडमनी एकेक कोपरा पिंजून काढला. धूर फक्त बॉयलरच्या जाळीपाशी वाकला, आणि तिथे तो वाकायलाच हवा होता. त्यांनी पंखा बंद केला.

"पास."

आत्या मटकन खाली बसली आणि हुंदके देऊ लागली. मॅडम पट्टे सोडवायला वळल्या. "आता हे कापड काढू या. पलीकडे तो सकाळपासून जिन्यात उभा आहे."

मला तेवढाही धीर नव्हता. मी कापडाची खालची कड उचलून धरली, आणि तो रांगत आत आला.