काट्याची चौथी उसळी

गोव्यात धारगळला हमरस्त्याच्या कडेला रामचंद्रचं गॅरेज आहे. पाठीमागे दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची शेड, आणि शेडीत बाराही महिने एखादी आजारी गाडी. रामचंद्र मूळचा दोडामार्गचा. डिचोलीच्या खाणपट्ट्यात बावीस वर्षं डंपर दुरुस्त करून तो इथे आला. हातगुण चांगला, तोंड फटकळ, आणि एक हट्ट पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक: दोष सापडला नाही तर सरळ तसं सांगेल, पण गिऱ्हाइकाला खोटं कारण सांगणार नाही. या हट्टापायी चांगली गिऱ्हाइकं हातची गेली होती, आणि त्याचा त्याला थोडा माजही होता.

अशा माणसाकडे दिवाळीनंतरच्या सोमवारी गौरेश एक पांढरी, जमिनीला चिकटून चालणारी जपानी स्पोर्ट्‌स कार घेऊन आला. गौरेश पेडण्याचा, डिचोलीच्या एका कारखान्यात कामाला, तिशीतला, भारी काटेकोर. गणेशचतुर्थीच्या सुमारास त्याने ही जुनी गाडी हौसेने घेतली होती.

"मदींच दम जाता तिचो," तो म्हणाला. "पाच-धा मिनटां. मागीर आपशीच बरी जाता."

असा मधूनच दम गेल्याची प्रत्येक वेळ त्याने मोबाईलमध्ये टिपून ठेवली होती, तारीख आणि मिनिटासकट. एकवीस नोंदी. रामचंद्रला असलं गिऱ्हाईक म्हणजे पर्वणीच. यादी आपल्याला पाठवायला सांगून त्याने गाडी ठेवून घेतली.

ह्या गाडीचं इंजिनच वेगळ्या जातीचं. वरखाली होणारे पिस्टन नाहीत. तीन बाजूंचा एक फुगीर लोखंडी त्रिकोण, ज्याला रोटर म्हणतात, तो पोटात गरगर फिरतो आणि त्याची एकेक बाजू आळीपाळीने दाब देते. रामचंद्रने असलं इंजिन आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं आणि तो हरखून गेला होता. दोन दिवस त्याने प्लग बदलून पाहिले, कॉइल तपासल्या, पेट्रोलचा दाब मोजला, वायरी बोटांनी चाचपल्या. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. जेवताना तो भातात बोटाने त्रिकोण काढत बसे आणि आनंदी, त्याची बायको, त्याला हसे.

हसताना तिला धाप लागे. खाणीच्या रस्त्याला लागून असलेल्या खोलीत तिने अठरा वर्षं संसार केला होता. ट्रकांनी उडवलेली लाल धूळ तिच्या छातीत बसली ती बसलीच. चहावर फुंकर घालण्याइतकाही वारा तिच्याकडे उरला नव्हता. कप समोर ठेवून तो निवायची वाट बघत बसे. तिचा श्वास आत जाताना शेवटी जरासा अडखळायचा, उंबऱ्याला पाय लागावा तसा. ती अडखळ ऐकू आल्याशिवाय रामचंद्रला झोप लागत नसे. एक दिवस ती ऐकू येणार नाही, ह्या एकाच गोष्टीला तो मनापासून भीत होता.

बुधवारी तो गाडी घेऊन इब्रामपूरच्या चढणीला गेला. अर्ध्या चढावर गाडीचा दम गेला. आवाज तसाच, काटे जागच्या जागी, पण पाठीला मिळणारा रेटा नाहीसा. त्याने घड्याळ पाहिलं. अकरा वीस. सहा मिनिटांनी गाडी आपसूक सावरली आणि पोरीसारखी उड्या मारत वर गेली.

घरी आला तर आनंदी खुशीत होती. सकाळी जोराची धाप लागली, पण औषधाचा पंप शोधेपर्यंत आपोआप गेली, म्हणाली. डॉक्टरांनी तिला प्रत्येक वेळ कॅलेंडरवर लिहायला सांगितली होती. पंप ओढावा लागला तर फुली, आपोआप धाप गेली तर गोल. बुधवारच्या चौकोनात तिने गोल काढून खाली लिहिलं होतं: अकरा वीस.

योगायोग, असं रामचंद्र स्वतःशी म्हणाला आणि कामाला लागला.

हवेचा फिल्टर बघायचा राहिला होता, कारण गौरेशने तो नवाच बसवला होता. रामचंद्रने डबा उघडला. फिल्टर लाल होता. त्याने तो वर्तमानपत्रावर आपटला तेव्हा मूठभर धूळ पडली. ती त्याने चिमटीत घेऊन चोळली. रस्त्याची माती अशी नसते. ही वजनदार, बोटाला तेलकट लागणारी, चमचमणारी. ही खनिजाची धूळ होती. ज्या रस्त्यांवरून गौरेश गाडी हाकत होता, तिथे खनिजाचा ट्रक फिरकून वर्षं झाली होती.

त्याने फिल्टर साफ करून बसवला. गाडी शेडीतून हलली नाही. गुरुवारी सकाळी फिल्टर पुन्हा लाल होता.

दुपारी गौरेशचा फोन आला. पुण्याला एक जण अशी इंजिनं उघडून नवी करून देतो, गाडी नेणारा ट्रक शुक्रवारी येणार, असं तो म्हणाला. रामचंद्रने शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

उरली होती इंजिनातल्या दाबाची चाचणी. त्याने प्लग काढले, त्या भोकात दाबाचं मीटर बसवलं आणि स्टार्टर फिरवला. तीन बाजू, तेव्हा काट्याने तीनदा उसळायला हवं, आणि पुन्हा तीनदा.

काटा तीनदा उसळला. मग चौथ्यांदा. ही चौथी उसळी सावकाश होती.

त्याने मीटर बदललं. तीन, आणि चौथी. चौथी वर चढताना शेवटी जरा अडखळत होती.

रामचंद्रने किल्ली काढून खिशात घातली. इंजिन थांबलं. तीन उसळ्या थांबल्या.

चौथी थांबली नाही.

गाडी मेलेली होती, बॅटरीची वायर त्याने काढून बाजूला ठेवली, आणि काटा वर जात होता, अडखळत होता, खाली येत होता. मागच्या खोलीत आनंदी तांदूळ निवडत होती. तिचा श्वास शेडीपर्यंत ऐकू येत होता.

"आनंदी," त्याने हाक मारली. "जरा श्वास धर बघू."

काटा थांबला.

तो मोजत राहिला. एरवी चारावर तिचा जीव कासावीस होई. दहा झाले. वीस झाले.

"सोड."

काटा वर गेला. आत ती हसली, आणि हसून तिला धाप लागली नाही.

मग त्याने कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं आणि गौरेशची यादी शेजारी धरली. चतुर्थीपासून एकवीस नोंदी आणि त्याच मिनिटांचे एकवीस गोल. गाडी दारात येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. बाविसावा गोल बुधवारचा. हे कसं, ते त्याला कळेना. इंजिन उघडलं तर आनंदीच्या श्वासाचं काय होईल, तेवढं मात्र त्याला न सांगता कळलं.

शुक्रवारी ट्रक यायच्या आधीच त्याने गौरेशला बोलावून घेतलं.

"फिल्टरचो दोष होतो," तो म्हणाला. "इंजिन उघडू नकात. दर शुक्रवारी गाडी माझ्याकडे हाडा, मी साफ करून दितंय."

म्हटलं तर फिल्टर लाल होताच. पण आपण गिऱ्हाइकाला पहिल्यांदा खोटं सांगितलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली. गौरेशने विश्वासाने ट्रक परत पाठवला.

दोन शुक्रवार गेले. कॅलेंडरवर फुली नव्हती, आता तर गोलही नव्हता. आनंदी एकटी पायी बाजारात जाऊन आली.

तिसऱ्या शुक्रवारी गौरेश म्हापशाचा बाजार करून पिशव्यांसकट आला. रामचंद्रने फिल्टर झटकला, लाल धूळ कागदात बांधून ठेवली. आनंदीने तिघांचा चहा आणला.

"गाडी एकदम बरी," गौरेश म्हणाला. "आता माजोच दम जाता. कारखान्याचो जिनो चढूक जायना."

तो खोकला. रुमाल तोंडावर धरला आणि बाजूला घेतला, तेव्हा त्यावर लाल डाग होता.

"रगत?" आनंदीने घाबरून विचारलं.

रामचंद्रने रुमाल घेतला आणि डाग चिमटीत चोळला. तो कोरडा होता. वजनदार, तेलकट, चमचमणारा.

"किते तें, मेस्त्री?" गौरेशने विचारलं. ह्या माणसाच्या तोंडून खोटं निघणार नाही, अशा विश्वासाने तो बघत होता.

रामचंद्रच्या पाठीमागे आनंदी बशीतल्या चहावर फुंकर घालत होती. लांब, भरदार फुंकर. दहा वर्षांत त्याने ती ऐकली नव्हती.

"रस्त्याची धूळ," तो म्हणाला आणि रुमाल घडी करून परत दिला. "फुडल्या शुक्रवारी येवा."

गौरेशने मान हलवली आणि श्वास घेतला. शेवटी तो जरासा अडखळला, उंबऱ्याला पाय लागावा तसा.