बाथरूमच्या दाराचं माप

“माझ्या मनातलं कुणीतरी फोडलंय!” नर्सबाई बसायलाही तयार नव्हत्या.

भाऊजींनाही मग बसवेना. खासगी तपासाचा धंदा वहिनींचा. भाऊजींकडे दोनच खाती : गाडी चालवणं आणि भलत्यावर संशय घेणं.

नर्सबाई घेत असलेल्या तळमजल्यावरच्या घराचा सौदा ठरत आला होता. अचानक मालकानं भाव वाढवला. बाईंना हेच घर हवंय हे त्याला कळलं होतं. उद्या होकार नाही, तर घर गेलं.

विकणाऱ्याचा एजंट बिनधास्त होता. “फोन आला. पुरुषाचा आवाज, नाव नाही. म्हणाला, चाकांची खुर्ची जावी म्हणून बाई बाथरूमचं दार रुंद करणार, हे घर सोडणार नाहीत. मी मालकाचा माणूस. मालकाला सांगणं माझं कामच.”

“बाईंचाच एजंट फितूर!” भाऊजी गाडीत बसण्याआधीच म्हणाले.

तो एजंट उखडला. “मी खरेदीदाराच्या बाजूचा. त्यांची गरज समोर फोडली तर मला कुत्रं विचारणार नाही. आणि बाथरूमचं दार बाईंनी कपाटासाठी मोजलं ना?”

“छे! वॉशिंग मशीनसाठी,” तेच विचारल्यावर घरी नर्सबाईंचा नवरा म्हणाला.

भाऊजींचे संशयित संपले. ते येरझारा घालू लागले.

“खरं कारण कुणाला सांगितलंत?” वहिनींनी नर्सबाईंना विचारलं.

“कुणालाच नाही. बाबांना भावाकडून माझ्याकडे आणायचंय. त्यांना नुसता घराचा फोटो दाखवला, फाटकावर मालकाच्या एजंटच्या पाटीसकट. खुर्ची मोजताना म्हटलं, नवी गादी शिवते. बाथरूमच्या दारात हात घासतात का, तेवढं विचारलं.”

“चला भावाकडे.”

खिडकीजवळ म्हातारे वडील चाकांच्या खुर्चीत बसले होते. वहिनी सरळ म्हणाल्या, “एजंटला वाटलं कपाट, नवऱ्याला वाटलं मशीन. खुर्चीला टेप लावलेली तुम्हीच पाहिलीत. बाथरूमबद्दल तुम्हालाच विचारलं. आणि नंबर फोटोतल्या पाटीवर होता. फोन तुम्ही केलात, बाबा.”

भाऊजी जागच्या जागी थांबले.

“भाव वाढला की नाद सोडेल, वाटलं,” म्हातारा म्हणाला. “दिवसभर पेशंटचं करते. घरी येऊन पुन्हा माझंच?”

नर्सबाईंना रडू फुटलं. “मला विचारायचं तरी!”

“तू मला विचारलंस?”

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, “आता विचारते. याल?”

म्हाताऱ्यानं खुर्ची खिडकीकडून तिच्याकडे वळवली.

“एकच घर बघून कुणी अडून बसतं का? अजून दोन-चार दाखव. मीही येतो बघायला.”