कोंबड्या सावलीत का बसल्या?

“अकरा पानं! ताई, तू जिनिंग पाहाले गेलती का उचलून आणाले?”

पंकजने वही उलटीसुलटी करून पाहिली. दामिनीने ती त्याच्या हातून हिसकावली. एक तर संक्रांतीची सुट्टी संपायला दोनच दिवस उरले होते, त्यात हा दहा वर्षांचा शहाणा!

बाजारहत्नूरजवळच्या त्यांच्या शाळेने सुट्टीआधी आठवीच्या वर्गाला कापसाची जिनिंग मिल दाखवली होती. सरकी कशी निघते, गाठी कशा बांधतात, कापसाला आग लागली तर काय करायचं, सगळं तिथल्या मॅनेजरनी तासभर सांगितलं. दामिनीने ते शब्दन् शब्द उतरवलं. ‘मुलांनो, रांगेत चला’ हेसुद्धा! सुधाकर सर पाठ थोपटतील, अशी तिची खात्री होती. सरांनी लाल शाईत लिहिलं, ‘लिहिलंस खूप. ऐकलंस किती?’ पहिल्या नंबरच्या मुलीला हे किती झोंबलं असेल, ते पहिल्या नंबरवाल्यांनाच ठाऊक.

वर सुट्टीचं काम! प्रत्येक पानावर डावीकडे रेघ मारायची. उजवीकडचा मजकूर कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते ओळखायचं आणि तो प्रश्न आपल्या शब्दांत डावीकडे लिहायचा. मग उजवी बाजू हाताने झाकून उत्तरं सांगायची.

“माह्यं दीड पानात उरकलं,” शेजारची उत्कर्षा म्हणाली. ती दामिनीच्याच वर्गात होती. “पन खरं सांगू? मी मशीनजवळ उभी होती. अर्धं आयकूच नाही आलं.”

“ते राहू द्या! आधी कोंबड्या पाहा,” पंकज म्हणाला. “दोन दिवस झाले, येड्यावानी करून राह्यल्या.”

तिघं घरामागे गेली. आदिलाबादकडची जानेवारीची थंडी म्हणजे दात वाजवणारी. अशा सकाळी माणूस काय, मुंगीसुद्धा ऊन शोधते. पण कोंबड्या बसल्या होत्या सावलीत, कापसाच्या खोलीच्या पत्र्याला अगदी चिकटून! शेजारी मांजरही गुरगुटून झोपलं होतं.

घराला लागूनच ही पत्र्याची खोली होती आणि तिच्यात यंदाचा सगळा कापूस छतापर्यंत ठासला होता. दामिनीने पत्र्याला तळहात लावला. चांगला कोमट!

“काय चाचपून राह्यल्या व पोरींनो?” मागून बाबांचे धाकटे भाऊ, महिपतकाका आले.

“काका, पत्रा गरम लागते.”

“ऊन लागलं असन.”

“ऊन इकडं आलंच नाही अजून!”

“तर कोंबड्यायनं बसून बसून गरम केला असन! जा, खेळा तिकडं!” काका आपल्याच विनोदावर हसत निघून गेले.

दामिनीने मात्र हातातली वही उघडली. मॅनेजरनी गरम जागेबद्दल काहीतरी सांगितलं होतं. काय बरं? तिने घाईघाईने पानं उलटली. सरकीचं तेल, गाठीचं वजन, कामगारांची पाळी... सगळं होतं, पण हवं ते कुठे होतं? अकरा पानं स्वतःच्या हाताने लिहिलेली, आणि तिला त्यातलं अवाक्षर आठवत नव्हतं! तिला स्वतःचीच भीती वाटली.

“असं पानं फडफडवून काई सापडत नाही,” उत्कर्षा म्हणाली. “सरांनी सांगतलं तसंच कर. तू वाच, मी इचारते, हे कायचं उत्तर आहे.”

“अन् रेघा मी मारतो!” पंकजने फूटपट्टी काढली.

ओट्यावर काम सुरू झालं. पहिलं पान, दुसरं, तिसरं. पंकजच्या रेघा वाकड्या येत होत्या आणि दामिनीचं अर्धं लक्ष नाकात होतं. हा वास कसला? कोणी चिंधी जाळतंय का?

सातवं पान. ती वाचू लागली, “‘ढिगाच्या पोटात ठिणगी गेली तर जाळ दिसत नाही. दोन-दोन, तीन-तीन दिवस ती आतच धुमसते. बाहेरून जागा गरम लागते. जळक्या कापडाचा वास...’”

ती थांबली.

“हे कोनत्या प्रश्नाचं उत्तर आहे?” उत्कर्षाने विचारलं.

दामिनीने डावीकडे लिहिलं, ‘आग दिसत नाही, मग कळते कशी?’

“पळा!” पंकज उठलाच.

“थांब! कळून काय करशीन? करायचं काय, ते तर वाचू दे!” दामिनीने त्याचा सदरा धरला. तिने पुढचं वाचलं आणि आणखी दोन प्रश्न लिहिले. ‘उकरायचं का नाही?’ ‘साधं पाणी का नाही?’ मग तिघंही जीव घेऊन धावली.

उशीर झाला होता का? खोलीचं दार उघडं होतं. बाबांनाही वास आला होता आणि ते अंगणातून बादली घेऊन येत होते. काका ढीग उकरायला दाताळं उगारून आत शिरत होते. ढिगातून धुराची बारीक रेघ निघत होती.

“काका, उकरू नका!” दामिनी दारात आडवी उभी राहिली.

“बाजूले हो पोरी! जळून राह्यलं आत!”

“काऊन उकरू नाही?” बाबांनी कारण विचारलं.

काऊन? वही तर ओट्यावरच राहिली! क्षणभर दामिनीचं डोकं पार रिकामं झालं. मग डावीकडचा तो प्रश्न आठवला, तिच्याच अक्षरातला, आणि त्याच्यामागोमाग उत्तर धावत आलं.

“उकरलं का हवा लागते! हवा लागली का एकदम भडकते! काका आत सापडतीन, बाबा!”

बाबांनी काकांना दंडाला धरून बाहेर ओढलं आणि दार लोटलं.

“मंग भिजवा तरी!” काकांनी बादली उचलली.

“साधं पानी नाही! कापूस तेलकट असते, पानी वरच्यावर घसरते. त्यात कपडे धुवायचं पावडर टाका!”

मोठ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ही वेळ साबणाची आहे का? पण बाबांनी मुलीच्या डोळ्यांत पाहिलं आणि ओरडले, “आना पावडर! घरात असन तेवढं!”

काकांच्या पत्नी सुवर्णाकाकूंनी डबाच उपडा केला. “फवारनीचा पंप!” पंकज किंचाळला आणि धुऊन ठेवलेले दोन पंप ओढत घेऊन आला. पत्र्याच्या फटीतून फेसाळ पाणी आत जाऊ लागलं. उत्कर्षाने फायरच्या गाडीला फोन लावला होता. “गाडी निघाली! पन पोचाले तास लागते!”

तो तास काही केल्या सरेना. बाबा पत्र्याला हात लावत, मान हलवत, पुन्हा पंप मारत. दामिनी मनात एकच घोकत होती, ‘मी चुकीचं तर नाही ना सांगितलं?’

गाडी आली. जवानांनी कापूस थोडाथोडा बाहेर काढून अंगणात भिजवला. ढिगाच्या मधोमध घागरीएवढी काळी पोकळी निघाली. तिच्या कडा अजूनही लाल होत्या!

“अंदर खोदते तो आदमी नहीं बचता,” जवानांचा प्रमुख म्हणाला. “साबुन का पानी किसने बताया?”

सगळ्यांची बोटं दामिनीकडे वळली. त्याने तिला चक्क सलाम ठोकला! “शाबास, बेटी!”

“शाळेत घातल्याचं सार्थक केलं व माह्या लेकीनं,” बाबा म्हणाले. मग त्यांची नजर फिरली. “पन ठिणगी आत गेली कशी?”

काका मटकन खाली बसले. “दादा, परवा कापूस तुडवत होतो. बिडी पेटवली, अन् तुमचा आवाज आला. तुमच्यापुढं कदी ओढली नाही मी. लपवाले म्हनून कापसात दाबली. वाटलं, इझली.”

आता बाबा हात उचलतात की काय, असं दामिनीला वाटलं.

“माहा मान राखाले घर पेटवत होता का रे?” बाबा म्हणाले. “आजपासून ओढायचीच असन तर माह्यापुढं, आंगनाच्या मधात बसून ओढ! मान गेला तर चालते. तू गेला असता तर काय केलं असतं मी?”

काकांनी खिशातला बिडीचा कट्टा काढून फेसाच्या बादलीत बुडवला. मग उठून त्यांनी दामिनीच्या डोक्यावर ओला हात ठेवला.

“तू दारात आडवी नसती झाली ना पोरी, तर मी गेलोच असतो आत.”

सकाळपासून आवरून धरलेलं रडू दामिनीला तेव्हा कुठे फुटलं. पंकजने या वेळी तिला अजिबात चिडवलं नाही.