अर्धवट राहिलेल्या बातम्या

ती मोबाईलची बत्ती विझवा आणि सरका जवळ. छावणीतला इब्राहीम रेडिओवाला तुम्ही पाहिलाय. एरवी तोंडाचा पट्टा चालू, पण पडेगावचं नाव काढलं की त्याची दातखीळ बसते. का, ते ऐका. गेल्या पौषातल्या अमावस्येची गोष्ट.

त्या संध्याकाळी तो निघाला साध्याच कामाला. पडेगावच्या सांडू पाटलांच्या जुन्या फियाटचा मूळचा रेडिओ त्याने दुरुस्त केला होता. तो गाडीत बसवायचा, चहा घ्यायचा, घरी यायचं. पाटील सहा फुटी गडी. देवगाव रंगारीचं शेत बघून रोज रात्री यायचे, गाडी अंगणात लावायचे आणि रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत आतच बसायचे. मग गाडीचं दार दोनदा आपटायचे, कारण पहिल्या दणक्यात ते लागायचंच नाही. घरात आले की दाराची वरची कडी लावायचे. ठेंगण्या द्वारकाबाईंचा, त्यांच्या बायकोचा, हात तिथवर पोचत नसे. एका रात्री बातम्या चालू असतानाच पाटलांनी गाडीतच प्राण सोडला. मुलाने, विश्वजीतने, दुसऱ्या दिवशी तो रेडिओ उपटून माळ्यावर टाकला.

तेव्हापासून द्वारकाबाईंची झोप उडाली. रात्रभर ओट्यावर बसायच्या, दार सताड उघडं ठेवून. गोळ्या झाल्या, अंगारे झाले. बाई वाळून काटकी झाली.

“डॉक्टर म्हणतात, आई अशानं हाती लागायची नाय,” शेंद्र्याच्या कारखान्यात रात्रपाळीला निघता निघता विश्वजीत म्हणाला. “ती म्हणती रेडिओ बसव. बसवून टाका, चाचा. माझं तर डोकंच चालंना.”

“तवाच चालवायचं व्हतं,” ओट्यावरून म्हातारी कडाडली. “बातम्या अर्ध्यात सोडून ते कधी उतरलेत का? तू रेडिओच उपटला. मग उतरतील कसे?”

इब्राहीम मनात हसला. लागलीच तर खरखर लागेल, म्हणाला. डाव्या सीटवर बसून त्याने आधी रेडिओचा फ्यूज काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. शेवटचा स्क्रू बसेपर्यंत फ्यूज खिशात, ही त्याच्या उस्तादाची शिकवण. रेडिओ खाचेत सरकवला, तारा जोडल्या. बाहेर काळोख मी म्हणत होता.

टक्.

रेडिओच्या बटणाचा आवाज. इब्राहीमचे दोन्ही हात तर खाली, तारांत होते.

व्हॉल्व्हचा रेडिओ लगेच बोलत नाही, आधी तापतो. डायलचा दिवा हळूहळू पिवळा झाला. त्याने खिसा चाचपला. फ्यूज खिशातच.

गुणगुण... खरखर... आणि कुणीतरी बातम्या सांगू लागलं. वाक्याच्या मधूनच.

शेजारची सीट करकरली. जड माणूस सावरून बसावा तशी. इब्राहीमने मान वळवली नाही. तो मनातल्या मनात कलमा पढू लागला.

“इब्राहीम,” ओट्यावरून हलकेच आवाज आला. “हलू नगंस लेकरा. संपू दे त्यांचं.”

तो बसून राहिला. बातम्या चालल्या होत्या... चालल्या होत्या...

संपल्या.

टक्. दिवा गेला.

उजवीकडचं दार उघडलं. आपटलं.

...

पुन्हा आपटलं.

मग मात्र इब्राहीमला धीर धरवेना. हत्यारं तिथंच, फटफटी तिथंच, पायांत चप्पल नाही, असा तो छावणीपर्यंत पळाला.

सकाळी फटफटी न्यायला भीत भीत आला, तर कामावरून परतलेला विश्वजीत घराचं दार बडवत होता. त्याचा चेहरा पांढराफटक. पाटील गेल्यापासून ते दार कधी बंद दिसलं नव्हतं. “आई! अगं आई!” आत चिडीचूप. दोघांच्याही मनात नको ते आलं.

बऱ्याच वेळाने आतून जांभई ऐकू आली.

“काय रे बोंबलतोस? कधी नाय ती झोप लागली व्हती.”

विश्वजीतला रडूच फुटलं. “दार उघड ना गं!”

“कशी उघडू? वरची कडी लावलीय. माझा हात पोचतो का तिथवर?”